होविताच्या छतावरची सरळ रेघ

होविता न्याउपारीच्या नव्या घराचं छत गळत होतं, आणि गळत होतं तेसुद्धा शिस्तीत. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून निघालेली एक रेघ मधल्या खोलीवरून थेट झोपायच्या खोलीच्या दारापर्यंत गेली होती, सुतारानं दोरी धरून मारावी इतकी सरळ. डिसेंबरचा पाऊस लागला की त्या रेघेवर थेंब जमायचे आणि एकेक करून खाली यायचे. होवितानं रेघेखाली आपली भांडी ओळीनं मांडली होती. पंचवीस वर्षं मांतारोच्या खोऱ्यातली लग्नं, बारशी आणि संतांच्या जत्रा जेवू घालणाऱ्या बाईकडं भांड्यांना काय तोटा?

"लोकांच्या घरावर पाऊस पडतो," ती येईल त्याला सांगायची, "माझ्या घरात बँड वाजतो."

घर बांधलं होतं फोर्तुनातो मिस्त्रीनं, आणि सगळी पंचाईत तिथंच होती. परका मिस्त्री असता तर चार शिव्या देऊन माणूस मोकळा होतो. फोर्तुनातो तिचा कोंपाद्रे होता. तिच्या मुलीचा, नेलिदाचा, तो धर्मबाप; बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली त्यानंच तिला हातात धरलं होतं. एकदा हे नातं जडलं की लहानपणापासून अरे-तुरे करणारी माणसंसुद्धा एकमेकांना कोंपाद्रे-कोमाद्रे आणि तुम्ही म्हणायला लागतात, आणि काही झालं तरी भांडत नाहीत. निदान आमच्या पाल्कामार्का गावात तरी तोवर कुणी भांडलं नव्हतं.

शिवाय फोर्तुनातो तिच्या नवऱ्याचा, लिबोरियोचा, जिवाभावाचा मित्र. लिबोरियो आणि होविता दोघं मिळून पाचामांका करायचे. तो नदीतून दगड निवडून आणायचा, तापल्यावर फुटणार नाहीत असे काळे, गुळगुळीत दगड, आणि ते लाल होईपर्यंत आगीजवळ उभा राहायचा. मग खड्ड्यात दगड, दगडांवर बटाटे, त्यावर मटण, वर वालाच्या शेंगा आणि मक्याच्या पानात बांधलेल्या गोड वड्या, असे थर होविता लावायची आणि सगळं मातीखाली पुरून टाकायची. कधी उघडायचं ते तिचं नाक ठरवायचं. दहा मिनिटं आधी उघडलं तर मांस कच्चं, दहा मिनिटं उशीर झाला तर बटाट्यांचा कोळसा.

लिबोरियो गेला आणि तिनं दगड पेटवणं सोडलं. दोन वर्षं ते दगड परसात ढीग होऊन पडले होते. ती बाजारात जायची आणि सांगितलेल्या किमतीला वस्तू घेऊन यायची, घासाघीस न करता. असं पाल्कामार्कात कुणी करत नाही. भाजीवालीला तर भीतीच वाटायला लागली होती. तिचा आवाज इतका खाली गेला होता की तिच्याशी बोलताना लोक पुढं वाकायचे.

मग लिमाहून नेलिदानं पैसे पाठवले आणि हट्ट धरला, की मातीचं जुनं घर पाडायचं आणि विटांचं बांधायचं, वर पक्का स्लॅब. ऑगस्टमध्ये स्लॅब पडला. आमच्याकडं स्लॅब हे मजुरांचं काम नसतं, गावाचं असतं. मिक्सर फिरतो, माणसं खांद्यावर काँक्रीटचे डबे घेऊन फळीवरून पळत वर जातात, आणि ज्याचं घर त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. होवितानं दोन वर्षांनी दगड पेटवले. सत्तर माणसं जेवली. तसलं जेवण पुन्हा झालं नाही असं लोक अजून सांगतात.

आणि चार महिन्यांनी रेघ उमटली.

फोर्तुनातो दोनदा येऊन डांबर लावून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा होविता दारातच उभी होती.

"कोंपाद्रे, हे काय लावताय? हाड मोडलंय आणि तुम्ही मलम चोळताय."

"पाऊस सरू दे, कोमाद्रे. मग बघू."

"बघायचं काय त्यात? फोडा आणि नव्यानं भरा."

"फोडायची गरज नाही."

"मग ही रेघ आली कुठून तेवढं सांगा. तीस वर्षांत तुमचं एक छत गळलं नाही. माझंच का गळावं? चूक झाली म्हणा. तेवढं म्हणा, मी आत जाऊन चहा टाकते."

फोर्तुनातो हातातल्या टोपीची कड फिरवत राहिला. एरवी हा माणूस विटेशीसुद्धा गप्पा मारणारा. त्या दिवशी त्यानं डांबराचा डबा उचलला आणि म्हणाला, "मला छत भरता येतं, कोमाद्रे."

एवढंच. होविताच्या डोक्यात तिडीक गेली. डांबर नको होतं तिला, पैसेही नको होते. तिला दोन शब्द हवे होते, आणि ज्याच्यावर लिबोरियोनंतर सगळ्यात जास्त विश्वास टाकला तोच माणूस ते दोन शब्द गिळून बसला होता.

गुरुवारी ती दॉन अबिलियोकडं गेली. अबिलियो गावचा न्यायाधीश. वकील वगैरे नव्हे. गावानंच निवडलेला शहाणा माणूस, आणि पोटासाठी टोप्या दुरुस्त करणारा. न्यायनिवाडा दुकानातच चालायचा. भिंतीला लाकडी साचे, टेबलावर वाफेची किटली, आणि तक्रार घेऊन येणाऱ्यानं टोपी काढून ठेवली की अबिलियो ऐकता ऐकता तिची कड सरळ करून द्यायचा.

"कोंपाद्रेवर तक्रार, होविता?" त्यानं पेन खाली ठेवलं.

"कोंपाद्रेवरच. परका असता तर मी इथं आले नसते, त्याच्या घरी गेले असते."

"नेलिदाला काय सांगशील? तिचा धर्मबाप आहे तो."

"तिला फोनवर सांगितलं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आई, छतासाठी तू माणूस मोडू नकोस. मी म्हटलं, मी कुठं मोडतेय? तो माणूस आधीच गप्प होऊन बसलाय."

अबिलियोनं उसासा टाकला. "हे बघ, त्या छतावर मी स्वतः अकरा डबे वाहिलेत. अर्ध्या गावानं वाहिलेत. इथं न्याय करणारा आणि साक्ष देणारा एकच. बाहेरचं माणूस आणावं लागेल."

म्हणून मार्चच्या शेवटी उआंकायो शहरातून इंजिनीअर आली. पोमाबाई. बुटकी, दोन वेण्यांवर पिवळं हेल्मेट, हातात छोटी हातोडी. होविताच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. होवितानं पाव आणि चीज मांडून ठेवलं होतं, कारण खटला असला म्हणून काय झालं, लोक उपाशी कसे परत पाठवायचे. फोर्तुनातो एका बाजूला भिंतीला टेकून उभा होता. त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही, पण न बघण्यासाठी दोघांनाही बरीच मेहनत पडत होती.

पोमाबाईनं वर जाऊन हातोडीनं ठोकून पाहिलं, खाली येऊन ठोकून पाहिलं. खडूनं रेघेवर रेघ ओढली.

"मिस्त्रीचं काम चांगलं आहे," ती म्हणाली. "सळ्या बरोबर आहेत, माल बरोबर आहे. छत पडणार नाही. पण हा सांधा आहे. ओलं काँक्रीट ओल्याला धरतं. पहिलं वाळायला लागलं की दुसरं त्याला नुसतं टेकून बसतं, धरत नाही. पाणी त्यातून येतं. या भागाचं काम एका दिवशी झालं आणि त्या भागाचं दुसऱ्या दिवशी, होय ना?"

"एकाच दिवशी," चारपाच जण एकदम म्हणाले.

"मग मध्ये थांबलं. मिक्सर बंद पडला होता?"

एकाला एकदम बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

"पाऊस आला?"

"ऐन कोरड्या ऑगस्टमध्ये?" कुणीतरी म्हणालं आणि लोकांना हसायला निमित्त मिळालं.

पोमाबाईनं वही काढली. "बरं, एकेकाला विचारते. आजी, तुम्हाला त्या दिवसाचं काय आठवतं?"

शेजारची सेवेरा पुढं आली. "वालाच्या शेंगा," ती म्हणाली. "काय शेंगा होत्या म्हणून सांगू. सोलायच्या आधीच उघडत होत्या."

"कामाचं विचारते आहे."

"मटणाला तो हिरवा पाला लावला होता," मागून एक जण बोलला. "मी तीनदा घेतलं."

"मी चारदा," त्याचा भाऊ म्हणाला.

"मक्याच्या वड्या मात्र कमी पडल्या," सेवेरानं न्यायाच्या दृष्टीनं महत्त्वाची नोंद केली.

पोमाबाई हुशार होती. तिनं वहीवरून डोळे वर केले नाहीत. "हे सगळं किती वाजता खाल्लंत?"

"साडेबाराला," सेवेरा म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला.

"आणि पुन्हा डबे कधी उचललेत?"

आता लपवून काही उपयोग नव्हता. जेवण झालं, चिचाचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, माठ संपले, मग बँडवाल्यांनी वाजवलं, मग नाच झाला. साडेतीन वाजले असतील.

"तीन तास," पोमाबाई म्हणाली. "कडक उन्हात, वाऱ्यावर. ही तुमची रेघ."

चार महिने ज्या उत्तरासाठी होविता झुरत होती ते मिळालं होतं. "लिहा, दॉन अबिलियो," ती मोठ्यानं म्हणाली. "अर्धं छत उघडं टाकून जेवायला बसणारा मिस्त्री. पोटाला एवढी घाई झाली होती तर सकाळी न्याहारी करून यायचं."

कुणीही हसलं नाही. अबिलियोचं पेन कागदावर टेकलं होतं, पण हलत नव्हतं.

"काम कुणी थांबवलं?" पोमाबाईनं विचारलं.

"मी," फोर्तुनातो भिंतीपाशी उभ्या उभ्या म्हणाला. "छतावर मिस्त्रीशिवाय कुणाचा शब्द चालत नाही. लिहा तसं."

अबिलियोनं लिहिलं. निकाल पुढच्या गुरुवारी. चूक मिस्त्रीची ठरली तर मालकीण म्हणेल तसं, म्हणजे छताचा तो भाग फोडून स्वखर्चानं नव्यानं भरायचा. सगळ्यांना ठाऊक होतं की त्यासाठी फोर्तुनातोला त्याचा मिक्सर विकावा लागेल, आणि मिक्सर परत घेता येईल पण छत फोडावं लागलेल्या मिस्त्रीला खोऱ्यात पुन्हा कुणी छत देणार नाही. माणसं एकेक करून निघून गेली. पावाला कुणी हात लावला नाही.

होविता जिंकली होती. तिनं पावाची टोपली झाकून ठेवली, पुन्हा उघडली, पुन्हा झाकली. जिंकल्यावर बरं वाटायला हवं असं तिला वाटत होतं, आणि वाटत नव्हतं म्हणून राग येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणातल्या पिंपातून पाणी काढायला गेली. बांधकामाच्या वेळचं पत्र्याचं पिंप. त्याला कमरेच्या उंचीवर एक मोठा पोचा होता. ती रोज त्याच पिंपातून पाणी घ्यायची. पण त्या दिवशी तिचा हात त्या पोच्यात बसला आणि तिथंच राहिला. पिंपाशेजारी फावडं टेकवलेलं होतं. त्याच्या पात्याचं टोक वाकलेलं होतं.

आणि तिला ते सगळं आठवलं.

सकाळी मिक्सर उशिरा आला होता, म्हणून काम मागं पडलं होतं. पण दगडांना ते कोण सांगणार? ते आपल्या वेळेला लाल झाले. साडेबाराला तिच्या नाकानं सांगितलं की आता उघडायला हवं. ती हातात फावडं घेऊन, तोंड काजळीनं काळं, अंगणात उभी राहिली. वर फोर्तुनातो कडेला आला, डोळ्यांवर हात धरून.

"कोमाद्रे, अर्धा तास. एवढी पट्टी भरू द्या."

"अर्ध्या तासात माझे बटाटे गेले," ती ओरडली होती. "तुमचं छत काय पळून जातंय? उतरा खाली, नाहीतर सगळं कुत्र्यांना घालते." आणि फावडं फिरवून तिनं पिंपावर असं काही हाणलं की फळीवरची माणसं डबे खांद्यावर घेऊन जागच्या जागी थांबली.

फोर्तुनातो वरून बघत राहिला. मग त्यानं मान वळवली आणि मिक्सरवाल्याला म्हणाला, "बंद कर." खाली उतरताना तो बाहीनं डोळे पुसत होता. सिमेंट गेलं असेल, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

आणि नाच? नाचसुद्धा तिनंच सुरू केला होता. लोक उठून डबे उचलायला निघाले होते, तेव्हा तिनं सेवेराचा हात धरून तिला मध्ये ओढलं होतं. दुखवट्याचे काळे कपडे उतरवल्यानंतरचा तो तिचा पहिला नाच होता.

होविता पाणी न घेताच सेवेराच्या घरी गेली. सेवेरा उंबऱ्यात बसून मक्याचे दाणे काढत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं," होविता म्हणाली.

"काय?"

"मी ओरडले होते ते."

"ऐकू तर सगळ्यांनाच आलं. नदीपलीकडंसुद्धा."

"मग काल बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठं? तू तर सांगत होतीस." सेवेरानं कणीस उलटं केलं. "आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं, तुला काही सांगायचं नाही. का ते मला विचारू नकोस. फोर्तुनातोला विचार."

त्या आठवड्यात होवितानं सतरा वेळा ठरवलं आणि सतरा वेळा मोडलं. गप्प राहिलं तर कुणीही तोंड उघडणार नव्हतं. छत नवं होईल, नेलिदाचे पैसे सत्कारणी लागतील, आणि ज्या बाईनं गावभर बोंब मारली की मिस्त्रीनं माझं घर बुडवलं, तिचं हसं होणार नाही. बोललं तर मात्र सगळा डोलारा तिच्याच अंगावर. एकदा तिनं स्वतःला असंही समजावून पाहिलं की आपण ओरडलो त्यात एवढं काय, तीस वर्षांचा मिस्त्री, त्याला कळायला नको? मग तिला तो बाहीनं डोळे पुसत उतरणारा माणूस दिसायचा आणि हे समजावणं पुढं सरकायचं नाही.

गुरुवारी टोप्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. फोर्तुनातोनं टोपी काढून टेबलावर ठेवली. अबिलियोनं ती हातात घेतली, पण कड सरळ करायला सुरुवात केली नाही. त्याच्यासमोर निकालाचा कागद होता.

"तर," तो घसा साफ करत म्हणाला, "उभय पक्षांचं ऐकून..."

"उभय पक्षांचं नाही ऐकलंत," होविता उभी राहिली. "माझं राहिलंय. काम मी थांबवलं. हे अर्धा तास मागत होते. मी नाही म्हटलं. कुत्र्यांना घालते म्हटलं. पिंपाला पोचा आहे, कुणाला बघायचा असेल तर येऊन बघा. आणि नाचायलाही मीच ओढलं. छत मी बिघडवलं आणि चार महिने या माणसाचं नाव बिघडवत होते. लिहा."

सेवेरा तिथल्या तिथं बाकावर बसली.

"लिहू नका," फोर्तुनातो म्हणाला.

"लिहा, दॉन अबिलियो."

"अजिबात लिहू नका. मालकिणी ओरडतच असतात. तीस वर्षांत न ओरडणारी मालकीण मला भेटलेली नाही. मिस्त्रीनं ऐकायचं नसतं. मी ऐकलं. ती मिस्त्रीची चूक."

"माझी चूक माझ्या हातून काढून घेताय का तुम्ही आता?"

"छतावर माझा शब्द चालतो, कोमाद्रे."

"चालतो तर चालवला का नाहीत?" होविताचा आवाज चढला. "तीस वर्षांत कुणाचं ऐकलं नाहीत, मग माझंच का ऐकलंत?"

अबिलियोच्या हातातल्या आपल्या टोपीकडं बघत फोर्तुनातो म्हणाला, "दोन वर्षं तुमच्या घरावरून जाताना मी मुद्दाम खाकरत जायचो. आतून तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून. एखादी शिवीसुद्धा चालली असती. लिबोरियोला पुरून आलो तेव्हापासून तुमचा आवाज मी ऐकला नव्हता. त्या दिवशी पिंप वाजलं. मला नाही म्हणवेना, कोमाद्रे. छत काय, मला परत भरता येतं."



"मग हे आधी का नाही सांगितलंत?" होवितानं विचारलं. तिचा आवाज आता पुन्हा खाली आला होता. "मी तुम्हाला काय काय बोलले. एक शब्द तर सांगायचा."

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा कधी ओरडला नसता," फोर्तुनातो म्हणाला.

होविताला रडू आलं. ती सगळ्यांसमोर, टोप्यांच्या साच्यांसमोर, रुमालाची वाट न बघता हातानंच डोळे पुसत रडली, आणि रडता रडता म्हणाली, "गाढव आहात तुम्ही. एक नंबरचे." फोर्तुनातोनं मान हलवली. ते त्याला मान्य होतं.

अबिलियोनं आधीचा कागद फाडला. टोपीची कड बोटांनी सरळ करत त्यानं बराच विचार केला आणि नव्या कागदावर लिहिलं, की दोन्ही पक्ष चूक आपलीच असल्याचं सांगतात आणि कुणीच माघार घ्यायला तयार नाही. सबब न्यायालय ती दोघांत वाटून देत आहे. छत फोडायचं नाही. पावसाळा सरल्यावर मिस्त्रीनं रेघ खोदून उघडायची आणि पक्की भरायची. ज्यांनी त्या दिवशी जेवून नाच केला त्यांनी मालाचे डबे वाहायचे, त्यात न्यायाधीशही आला. मालकिणीनं सगळ्यांना जेवू घालायचं, काम संपल्यावर. 'काम संपल्यावर' याच्याखाली त्यानं दोन रेघा मारल्या. दोघांनी सह्या केल्या. फोर्तुनातोची टोपी त्या दिवशी नव्यासारखी झाली.

मे महिन्यात पाऊस सरून ऊन पडलं. सकाळी सातला सगळे होविताच्या छतावर चढले. खाली अंगणात होवितानं दगड पेटवले, थर लावले, मातीनं झाकलं, वर फुलांचा क्रूस खोचला. मग फावडं मांडीवर आडवं घेऊन ती ढिगाऱ्याशेजारी बसली. ओठ घट्ट मिटलेले.

अकरा वाजता वास बदलला. साडेअकराला तिच्या नाकानं सांगितलं. ती हलली नाही. वरून ठोकाठोकीचा आवाज कधीच थांबला होता, पण मिस्त्रीचं बारीक काम असेल, रेघेवर थापी फिरवत असेल, असं म्हणून ती बसून राहिली. सेवेरा येऊन वाकली.

"होविता, जळतंय."

"जळू दे. कागदावर सही केलीय मी."

"पण वास..."

"मला नाक नाही का?"

बारा वाजले. मातीतून बारीक, कडवट धूर यायला लागला. होविताचे डोळे त्या धुरानं की कशानं भरून आले. शेवटी तिला राहवेना. तिनं फावडं खाली ठेवलं आणि पाय न वाजवता शिडी चढून छताच्या कडेवरून डोकं वर काढलं.

रेघ भरून झाली होती, सपाट आणि गुळगुळीत, ओल्या गोणपाटाखाली झाकलेली. हत्यारं धुऊन ठेवली होती. अबिलियो, दोघं भाऊ आणि बाकी सगळे छताच्या कठड्यावर ओळीनं बसले होते, टोप्या गुडघ्यांवर ठेवून, आणि त्यांच्या मध्ये फोर्तुनातो.

"अजून किती काम राहिलंय?" होवितानं हळू आवाजात विचारलं.

"काम संपून अर्धा तास झाला."

"मग खाली का नाही आलात?"

"तुम्ही हाक कुठं मारलीत?" फोर्तुनातो म्हणाला.

होविता शिडी उतरली. तिनं फावडं उचललं, पिंपावर जुन्या पोच्यावरच नेमकं हाणलं, आणि नदीपलीकडं जाईल अशा आवाजात ओरडली, की बटाट्यांचा पार कोळसा झालाय, आणि तो सगळ्यांनी मुकाट्यानं खायचा आहे.